डाएटवरच्या लहान कुत्र्याला खाऊ आणि च्यू काय द्यायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: चिकू, शिह त्झू जातीची कुत्री, पाच वर्षांची, गर्भाशयाचं ऑपरेशन झालेली, वजन ७.८ किलो. डॉक्टरांनी ६ किलोवर आणायला सांगितलंय, डाएटचं कोरडं फूड चालू केलंय, पण दोन महिन्यांत उतरलं फक्त १०० ग्रॅम. चघळायला काही दिलं नाही तर ती चपला आणि सोफ्याचे कोपरे कुरतडते, आणि आजींना तिला पोळीचा तुकडा दिल्याशिवाय जेवण जात नाही. मंची स्टिकचं, म्हणजे चघळायच्या रंगीत काड्यांचं, एक पाकीटही घरात आणून ठेवलंय. तर कमी कॅलरीचे च्यू (चघळायच्या वस्तू) आणि ट्रीट कुठले घ्यायचे?

ताई, मी बावीस वर्षं पुण्यात पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवतोय आणि यातली बहुतेक वर्षं फ्लॅटमधले छोटे कुत्रेच जास्त बघितलेत, शिह त्झू, पग, पॉमेरेनियन, डॅशहुंड. सुरुवातीला मी पण सरळ सांगायचो की ट्रीट एकदम बंद. पण कुणाच्याच घरात ते चालायचं नाही, लोक आठवडाभर पाळायचे आणि मग हळूच परत सुरू करायचे आणि मला सांगायचे नाहीत. म्हणून तुम्हाला बंद करा असं म्हणणार नाही. ट्रीट द्या, फक्त ती आधी जेवणातूनच काढा, आणि च्यू विकत घेताना पाकिटावरच्या "लाइट", "नॅचरल" वगैरे शब्दांकडे बघू नका, वजनकाट्याकडे बघा.

आधी हिशोब करू, कारण तो एकदा डोक्यात बसला की दुकानात उभं राहून निर्णय घेता येतो. कुत्र्याच्या शरीराला नुसतं आरामात बसून जेवढी ऊर्जा लागते ती काढायची पद्धत म्हणजे किलोमधल्या वजनाचा पाऊण घात (कॅलक्युलेटरवर ०.७५ वा घात) आणि त्याला ७० ने गुणायचं. वजन उतरवताना आपण हे आत्ताच्या वजनावर काढत नाही, जिथे पोचायचंय त्या वजनावर काढतो. चिकूसाठी ६ किलो धरले तर उत्तर येतं साधारण २६८ कॅलरी. दिवसभराचं सगळं मिळून एवढंच, फूड, ट्रीट, च्यू, पोळी, सगळं यातच. आणि नियम असा की जेवणाव्यतिरिक्तच्या गोष्टी दहा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत, म्हणजे चिकूचा दिवसाचा वरखर्च २७ कॅलरी.

आता या २७ कडे बघा आणि आजींच्या पोळीकडे बघा. आपली तेल लावलेली घडीची पोळी मध्यम आकाराची धरली तरी शंभर-एकशेदहा कॅलरीची असते. दोन्ही जेवणांना मिळून अर्धी पोळी गेली तर पन्नास-पंचावन्न कॅलरी, म्हणजे दोन दिवसांचा वरखर्च एका दिवसात संपला. तुपाचं बोट लावलं असेल तर ते वेगळं, एक चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी. ग्लुकोजचं एक बिस्किट वीसच्या आसपास. तुमच्या वॉचमनकाकांनी सकाळ-संध्याकाळ एकेक दिलं तर ४० तिथेच गेल्या. माणसाच्या पोटाच्या मानाने ही चिमूटभर वाटतात पण चिकूचं प्रमाण धरलं तर ६० किलोचं माणूस ७८ किलोचं झालंय असं ते आहे, आणि २० कॅलरीचं बिस्किट तिच्यासाठी एका माणसाने मधेच अर्धा वडापाव खाल्ल्यासारखं आहे. लॅब्रडॉरला जे चालून जातं ते सहा किलोच्या कुत्र्याला चालत नाही याचं कारण हेच, दुकानात मात्र दोघांसाठी काडी बऱ्याचदा एकाच मापाची असते.

त्यामुळे दोन महिन्यांत १०० ग्रॅम का उतरलं याचं उत्तर बहुधा डाएट फूडमध्ये नाहीये. ते फूड ठीक असणार. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्के उतरायला पाहिजे, चिकूचं म्हणजे ८० ते १५० ग्रॅम, आणि या वेगाने ६ वर यायला तीन ते पाच महिने लागतात. त्याहून जास्त घाई करायची नाही.

आता काय करायचं ते सांगतो. किचनमधला छोटा डिजिटल वजनकाटा काढा, तीन-चारशे रुपयांचा मिळतो, फूड मोजायला कप वापरू नका कारण कपाने भरताना प्रत्येक हाताचा अंदाज वेगळा. समजा तुमच्या डाएट फूडमध्ये १०० ग्रॅमला ३२० कॅलरी आहेत (पाकिटावर बघा, आकडा वेगळा असेल तर तो धरा), तर २६८ मधून वरखर्चाचे २७ वजा केले की २४१ राहतात, म्हणजे दिवसाचं ७५ ग्रॅम फूड. हे ७५ ग्रॅम सकाळीच एकदा मोजून घ्यायचं. त्यातलं ५० ग्रॅम दोन जेवणांत आणि उरलेलं २५ ग्रॅम एका छोट्या स्टीलच्या डब्यात. ही चिकूची दिवसभराची ट्रीट. लहान जातीच्या फूडचा एकेक दाणा अर्ध्या-एक कॅलरीचा असतो, म्हणजे या डब्यात बक्षीस द्यायच्या कितीतरी वेळा भरलेल्या आहेत आणि तुमचे २७ अजून शिल्लकच आहेत.

लोकांना वाटतं कुत्रा याला फसणार नाही, तेच तर जेवण आहे. पण मी वर्षानुवर्षं बघतोय, कुत्रा तुकड्याचा आकार मोजत नाही, किती वेळा मिळालं ते मोजतो, आणि कुणाच्या हातून मिळालं ते. ताटलीत पडलेला दाणा आणि आजींच्या हातातला दाणा त्याच्यासाठी एक नसतो. म्हणूनच तो डबा आजींच्या ताब्यात द्या, हे मी अगदी कळकळीने सांगतो. त्यांच्याकडून काढून घेऊ नका. त्यांचा तो लळा आहे, जेवायला बसल्यावर पायाशी बसलेल्या जिवाला घास न देणं आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला जमत नाही आणि जमू नयेच. फक्त घास बदला. ताटाशेजारी डबा ठेवायचा, पोळीच्या ऐवजी त्यातला एकेक दाणा, हवे तितके वेळा, डबा संपेपर्यंत. डबा संपला की संपला, हा नियम घरातल्या सगळ्यांना, मुलांना आणि वॉचमनकाकांनाही लागू, त्यांच्याकडेही पाच-सहा दाण्यांची पुडी देऊन ठेवा.

उरलेल्या २७ मध्ये खरा "खाऊ" बसवायचा. यात माझी पहिली पसंती उकडलेलं चिकनचं छातीचं मांस, बिनमिठाचं, बिनतेलाचं, कातडी काढून. १० ग्रॅमला १६ कॅलरी पडतात आणि त्या १० ग्रॅमचे हरभऱ्याएवढे वीस तुकडे सहज होतात. नखं कापताना, केस विंचरताना, औषध घालताना हे वापरा, रोजच्या "बस" आणि "ये" साठी डब्यातले दाणे पुरतात. शाकाहारी घर असेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग कुणीकुणी चालवून घेतं, एका अंड्याच्या पांढऱ्यात जेमतेम १७ कॅलरी. पनीर मात्र जपून, १० ग्रॅमचा तुकडा २५ ते ३० कॅलरीचा असतो, आणि चीजचं नावच नको.

भाज्यांमध्ये फरसबी, गाजर, काकडी, लाल भोपळा, दुधी हे चांगले. गाजर १०० ग्रॅमला ४० कॅलरी, फरसबी ३०, लाल भोपळा २५ च्या आसपास, काकडी आणि दुधी १५. उकडून, गार करून, बारीक चिरून द्या. दुधी आधी स्वतः चाखून बघा, कडू लागला तर टाकून द्या, कडू दुधी माणसाला बाधतो तसा त्यांनाही बाधतो. एकदम वाटीभर भाजी दिली तर पोट बिघडतं, दोन-तीन तुकड्यांपासून सुरू करून आठवड्याभरात वाढवा. सफरचंद बिया काढून, कलिंगड बिया काढून चालतं, केळं आणि आंबा गोड जास्त म्हणून नखाएवढंच. आणि चिकूला कधी मूतखड्याचा त्रास झाला असेल, शिह त्झूंमध्ये ऑक्झलेटचे खडे होतात, तर यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, पालक-बीट तर नाहीच.

काय अजिबात नाही ते पटकन सांगतो, कारण हे डाएटचं नाही, जिवाचं आहे: द्राक्षं आणि मनुका (शिऱ्यातल्या, मोदकाच्या सारणातल्या सुद्धा), कांदा, लसूण, चॉकलेट, आणि झायलिटॉल नावाची गोडी घातलेली कुठलीही शुगरफ्री वस्तू. पीनट बटर लोक चाटायला देतात, त्याच्या डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय देऊ नका, आणि झायलिटॉल नसलं तरी एका छोट्या चमच्यात ३० कॅलरी असतात म्हणजे चिकूचा कोटा तिथेच संपतो. गोळी द्यायला पेढा वापरणारी पुष्कळ घरं आहेत, त्याऐवजी डब्यातले दोन-तीन दाणे पाण्यात भिजवून मऊ गोळा करा आणि त्यात गोळी दडवा.

आता च्यू, म्हणजे तुमचा मुख्य प्रश्न. चघळणं ही त्यांची गरज आहे, चपला खाणं म्हणजे वाईट वळण लागलंय असं समजू नका, त्यांचं डोकं शांत होतं त्याने. पण वाळवलेल्या कुठल्याही च्यूचा एक ढोबळ हिशोब पाठ करून ठेवा, एका ग्रॅमला तीन ते चार कॅलरी, चरबीचा असेल तर त्याहून जास्त. काडी चामड्याची असो, माशाची असो, "व्हेज" असो, पाणी काढून टाकलंय ना, मग आकडा याच टापूत येतो. त्यामुळे च्यू वजनाला किती आहे हा पहिला प्रश्न. परदेशात बुली स्टिक म्हणून बैलाचं वाळवलेलं लिंग देतात, आता इथेही ऑनलाइन मिळतं, २०१३ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या लोकांनी तशा २६ काड्या तपासल्या तर इंचाला ९ ते २२ कॅलरी निघाल्या, सहा इंची काडी सरासरी ८८. चिकूच्या दिवसाच्या जेवणाचा तिसरा हिस्सा एका काडीत, आणि त्यातल्या काही काड्यांवर जंतूही सापडले होते.

आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांवर कॅलरी लिहिलेल्या नसतात, फक्त प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर. त्यावरून घरी काढता येतं. समजा प्रोटीन २०, फॅट ८, फायबर ३, मॉइश्चर १४ लिहिलंय, राख, म्हणजे खनिजं, सहसा लिहीत नाहीत ती ५ धरा. सगळ्यांची बेरीज ५०, शंभरातून वजा केली की ५० उरले ते पीठ-साखर. प्रोटीन आणि पीठ मिळून ७० ला साडेतीनने गुणा, २४५. फॅट ८ ला साडेआठने गुणा, ६८. बेरीज ३१३, म्हणजे १०० ग्रॅमला ३१३ कॅलरी. तुमची रंगीत मंची काडी ८ ग्रॅमची असेल तर ती एकटी २५ ची झाली, आणि चिकू ती किती वेळात संपवते? दोन मिनिटांत. दोन मिनिटांच्या चघळण्यासाठी दिवसाचा सगळा वरखर्च द्यायचा नाही, म्हणून या काड्या माझ्या यादीतून बाद. "कॅल्शियम बोन" म्हणून पांढरी हाडं मिळतात ती पण बाद, चांगलं फूड खाणाऱ्या मोठ्या कुत्र्याला वेगळ्या कॅल्शियमची गरजच नसते.

चामड्याच्या गाठीची हाडं, रॉहाइड, लहान कुत्र्याला मी देत नाही. ती चघळून मऊ होतात आणि शेवटचा चिकट लगदा कुत्रा तसाच गिळतो, तो घशात नाहीतर आतड्यात अडकतो. सहा किलोच्या कुत्र्याचं आतडं किती बारीक असतं हे ऑपरेशन टेबलावर बघितलं की परत ते पाकीट हातात घ्यावंसं वाटत नाही.

याकच्या दुधाची छुर्पी हल्ली सगळीकडे मिळते, नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडची वस्तू, प्रोटीन भरपूर, चरबी कमी, आणि टिकते बराच वेळ. कॅलरी ग्रॅमला सव्वातीन-साडेतीन, म्हणजे ३५ ग्रॅमची पट्टी १२० च्या आसपास, पण ती एका दिवसात संपत नाही हा तिचा गुण. तिचा दोष कडकपणा. कुठलाही च्यू घेताना अंगठ्याचं नख त्यात दाबून बघा, जराही खूण उमटली नाही तर ती वस्तू दातापेक्षा कडक समजा. वरच्या बाजूची मोठी दाढ असते ना, मागे गालाशी, तिचा पापुद्रा उभा तुटून निघतो, आतली नस उघडी पडते, आणि कुत्रा बोलत नाही, फक्त एका बाजूने खायला लागतो. शिह त्झूचे दात आधीच दाटीवाटीने बसलेले आणि मुळं कमकुवत. त्यामुळे छुर्पी द्यायचीच असेल तर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून कड मऊ करून द्या आणि दहा-पंधरा मिनिटांनी काढून घ्या. हरणाची शिंगं आणि खुरं नकोतच.

आणि इथे वजनकाटा परत काढायचा. देण्याआधी कोरडी पट्टी मोजा, काढून घेतल्यावर पुसून वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजा (लगेच मोजलं तर लाळेचं वजन धरलं जातं). ३१ ची २८ झाली तर तीन ग्रॅम गेले, म्हणजे १० कॅलरी. असं चार-पाच दिवस केलं की तुमच्या कुत्र्याचा वेग कळतो, मग रोज मोजायची गरज नाही, पंधरा मिनिटं म्हणजे १० कॅलरी एवढं लक्षात ठेवायचं. शेवटचा अंगठ्याएवढा तुकडा राहिला की फेकून द्या, पैसे गेले म्हणून हळहळू नका, तोच तुकडा गिळला जातो.

दातांसाठीचे डेंटल च्यू घेणार असाल तर पाकिटावर व्हीओएचसीचा शिक्का आहे का बघा, अमेरिकेतली पशु-दंतवैद्यांची ही परिषद १९९७ पासून दातांवरचा थर आणि किटण खरंच कमी होतं याचा पुरावा तपासून तो शिक्का देते. पण लहान मापाचा असा एक च्यू सुद्धा पंचविसेक कॅलरीचा असतो, म्हणजे ज्या दिवशी तो, त्या दिवशी चिकन आणि छुर्पी नाही. दातांसाठी ब्रश हाच खरा उपाय, कुत्र्यांची वेगळी पेस्ट घेऊन, आपली नाही, आणि ब्रशला कॅलरी नसतात.

रविवारच्या मटणातल्या नळीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी अशीच एक शिह त्झू आणली होती, नळीचं कडं खालच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे जाऊन बसलेलं, जीभ बाहेर, लाळ रक्ताळलेली, ती पंजाने ओरबाडून ओरबाडून थकलेली आणि घरातली लहान मुलगी रडून रडून काळीनिळी झालेली. भूल देऊन ते कडं कापून काढायला मला पाऊण तास लागला. आणि त्यातला मगज म्हणजे निव्वळ चरबी, लहान कुत्र्याला एकदम तेवढी चरबी झेपली नाही की स्वादुपिंडाला सूज येते, मग उलट्या, आणि कुत्रा पुढचे पाय जमिनीवर टेकून मागचा भाग वर करून नमस्कार घातल्यासारखा उभा राहतो, तसं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठा. कुकरमध्ये शिजलेलं कुठलंच हाड नको, चिकनचं तर नाहीच, त्याच्या चिपा होतात.

मग चपलांसाठी काय, तर मी चघळण्याऐवजी चाटणं आणि शोधणं याकडे वळवतो, चपटं नाक असलेल्या कुत्र्यांना ते सोपं पण जातं. डब्यातले दाणे थोड्या पाण्यात भिजवून पोकळ रबरी खेळण्यात दाबून भरा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी ऑफिसला निघताना द्या, वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि जास्तीची एकही कॅलरी नाही. जुना टॉवेल पसरून त्यावर दहा-बारा दाणे टाका, गुंडाळी करा, सैल गाठ मारा, ती नाकाने उलगडत बसेल. पहिले दोन दिवस गाठ मारू नका, नाहीतर कंटाळून टॉवेलच खाईल. उन्हाळ्यात भोपळ्याचा पातळ गर ताटलीत थापून गोठवला तरी चाटत राहतात.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटी करा, आणि तुमच्या डॉक्टरांच्या काट्यावर करा, घरच्या बाथरूमच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहिलात तर १०० ग्रॅमचा फरक कळणार नाही आणि चिकूच्या बाबतीत १०० ग्रॅम हाच सगळा खेळ आहे. हे सगळं सहा आठवडे मनापासून पाळूनही काटा हलला नाही तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. त्याआधी मात्र एक आठवडा फ्रिजवर कागद चिकटवा आणि जो कोणी जे काही चिकूला देईल त्याने ते तिथे लिहायचं, ओरडायचं कुणावर नाही, फक्त लिहायचं. माझ्याकडे असा कागद घेऊन आलेल्या घरांमध्ये कारण बहुतेक वेळा त्या कागदावरच सापडलंय, आणि घरात आणून ठेवलेलं ते मंची स्टिकचं पाकीट फेकवत नसेल तर कात्रीने काड्यांचे अर्ध्या ग्रॅमचे तुकडे करून दिवसाला चार द्या, सहा कॅलरी होतात, संपलं की परत आणू नका.